एडिसन कंपनीच्या सिलिंडरवरचा (नळकांड्याच्या आकाराच्या ध्वनिमुद्रिकेवरचा) गायक अर्विंग जिलेट आणि गायक हेन्री बर हे एकच का?

हो, दोघे एकच, आणि दोन्ही नावं टोपणनावंच आहेत. खरं नाव हॅरी मॅक्लास्की, जन्म 1882, कॅनडातल्या न्यू ब्रन्स्विक प्रांतातला. त्या काळात लोकप्रिय टेनर (उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक) एकाच वेळी अनेक कंपन्यांसाठी गात. मग तोच आवाज प्रत्येक लेबलवर वेगळ्या नावाने विकला जाई: कोलंबियावर हेन्री बर, एडिसनवर अर्विंग जिलेट, काही तबकड्यांवर चक्क खरं नाव. शंका असेल तर दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. मायक्रोफोनआधी कर्ण्यात गावं लागे. त्यात त्याचे शब्द आश्चर्य वाटावं इतके स्वच्छ उमटलेत. 1910मध्ये प्रमुख फ्रँक स्टॅन्ली वारल्यावर पीअरलेस क्वार्टेट या चार गायकांच्या गटाची सूत्रंही त्याच्याकडे आली, म्हणजे त्या चौकडीच्या तबकड्यांवरही तोच आहे, नाव नसलं तरी.

फक्त त्याच्या नावावर सांगितला जाणारा 12,000 ध्वनिमुद्रणांचा आकडा एकट्याने गायलेल्या गाण्यांचा समजू नका. युगुलगीतं, चौकडी आणि एकच गाणं निरनिराळ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायलेलं, हे सगळं धरल्याशिवाय तिथवर पोचणं अशक्य आहे.