ओठ पुढे, आवाज मागे

प्रश्न : कॉन्सर्टमध्ये फोनवर घेतलेल्या व्हिडिओचा आवाज फाटतो. शिवाय गायकाचे ओठ आधी हलतात आणि सूर मागून येतो. फोन नवा आहे, मग चुकतं कुठे?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. फोनचा माइक मुख्यतः बोलण्याच्या आवाजासाठी बेतलेला असतो. सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या, तोंडाशी उभे राहिलात की तो हात टेकतो. त्यातच फोन स्वतःहून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, खालीवर करत असतो, म्हणून ड्रमचा ठोका पडला की बाकीचं गाणं क्षणभर दबतं. गेन हाताने लावू देणारं रेकॉर्डिंग अ‍ॅप वापरा आणि सगळ्यात दणदणीत भागातही आवाजाची पातळी दाखवणारं मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा. मीटर तेवढंच दाखवतंय तरी आवाज फाटतोय, तर मग माइकच गारद झालाय. अशा वेळी मागे सरकणं एवढाच इलाज, कारण तिथे फाटलेलं एडिटिंगमध्ये नीट शिवता येत नाही. साउंड इंजिनिअरच्या डेस्कजवळची जागा उत्तम, तो मिक्स तिथूनच ऐकून करतो. आणि हो, फोन आडवा धरताना माइकच्या भोकावर तळहात येतो. ते आधी तपासा.

आता ओठांचं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 11 मीटरला 32 मिलिसेकंद. 30 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 33 मिलिसेकंदांची असते. थोडक्यात, दर 11 मीटरला एक फ्रेम. स्टेजपासून 55 मीटरवर उभे असाल तर एडिटिंगमध्ये ऑडिओ सुटा करा आणि पाच फ्रेम अलीकडे ओढा. जुळलं की नाही हे ओठांवरून ठरवू नका. ड्रमरची काठी स्नेअर ड्रमवर टेकते ती फ्रेम शोधा आणि ठोका तिथे आणा. मैदानाच्या मध्यावर खांबांवर लावलेले स्पीकर तुमच्या जवळ असले तरी अंतर स्टेजपासूनच मोजा, कारण ते स्पीकर मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात. मोठ्या स्क्रीनकडे कॅमेरा धरला असेल तर मात्र हे गणित लागू नाही. स्क्रीनवरचं चित्रही थोडं मागून येत असतं.

प्रश्न : कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत कानात शिट्टी वाजते. कापूस घातला तर चालेल?

उत्तर : नाही. कापसाने फारसं काही अडत नाही. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेच्या नायॉश संस्थेने घालून दिलेली मर्यादा 85 डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशोबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. फोमचा प्लग घ्या, तो बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि 30 सेकंद बोटाने धरून ठेवा. स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं वाटलं की बसला समजा. फोम वरचे सूर जास्त कापतो, त्यामुळे झांजा आणि शब्द मळकट होतात. गाणं नीट ऐकायचं तर फिल्टर असलेले प्लग बरे. शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं तर मात्र त्याच दिवशी जा.

प्रश्न : ट्विचवर गेम स्ट्रीम करताना मागे आवडत्या बँडची गाणी लावतो. नंतर रेकॉर्डिंगचे तुकडे मुके झालेले दिसतात. ओबीएसमध्ये काही करता येईल?

उत्तर : हक्क राखलेली गाणी सापडली की ट्विच रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा मुका करतं. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट सेटिंगला अ‍ॅडव्हान्स्ड मोड निवडा आणि 'ट्विच व्हीओडी ट्रॅक', म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचा आवाजाचा वेगळा ट्रॅक, चालू करून तो 2 वर ठेवा. मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये गाण्यांच्या सोर्ससमोरची 2 ची खूण काढा, गेम आणि माइकची राहू द्या. बरेच जण अडकतात ते पुढच्या पायरीला. संगणकाचा सगळा आवाज घेणारा 'डेस्कटॉप ऑडिओ' चालूच राहिला तर गाणी त्या वाटेने परत ट्रॅक 2 मध्ये शिरतात. तो बंद करा आणि गेम व गाण्याचं अ‍ॅप यांना वेगवेगळे 'अ‍ॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' सोर्स द्या. यामुळे फक्त रेकॉर्डिंग वाचतं. गाण्याचे हक्क तुमच्याकडे नसतील तर लाइव्ह चालू असतानाही हक्कधारकाची तक्रार येऊ शकते, तिथे ट्रॅकची हातचलाखी उपयोगाची नाही.