जागतिकीकरण मागे फिरलं तर विदर्भातल्या कास्तकाराचा फायदा की तोटा?

तुमचा प्रश्न असा आहे की देश आपापली दारं लावून घेतायत, बाहेरचा माल कमी येईल, मग आपल्या शेतकऱ्याचं भलंच होईल ना? मी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यातला, घरी संत्रा आणि कपाशी दोन्ही. आमचा अनुभव उलटा आहे. दार बंद होतं ते आम्ही विकतो तिथलं.

आमच्या संत्र्याचं परदेशातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. तिथे डॉलरची चणचण झाली, आयात आवळली. 2019 च्या सुमारास किलोमागे 20 रुपये असलेलं शुल्क 2023 मध्ये 88 रुपयांपर्यंत गेलं. बागेत फळाला एवढा भाव मिळत नाही, तेवढा नुसता कर! पुढे ऑगस्ट 2024 मध्ये तिथलं सरकारच उलथलं. इकडे व्यापारी बागेत येतो, चार ओळी फिरतो, आंबिया बहाराचं फळ दाबून बघतो, इसार देतो आणि तोडणीच्या वेळी फोन उचलत नाही. मग सगळा माल नागपूरच्या कळमना बाजारात नाहीतर दिल्लीला, आणि तिथेही भाव पडलेला. संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. शुल्क एका रात्रीत बदलतं.

कपाशीचं दुखणं वेगळं. रशियाच्या तेलावरून अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून आपल्या मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापड धंद्याला झळ बसणार, त्याला कापूस स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने 19 ऑगस्टपासूनच कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर, मग थेट डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आमची वेचणी ऐन भरात असताना बाहेरच्या कापसाच्या गाठी बिनशुल्क. गिरणी कामगाराचं पोटही खरं आहे, पण त्याचा भार पऱ्हाटीवाल्याने, म्हणजे कपाशी पिकवणाऱ्यानेच का उचलायचा? 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव होता, पण सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. तोच कापूस मग खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या खासगी व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने द्यावा लागतो.

आणि जग खुलं असण्याचा फायदाही आम्ही पाहिलाय. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलमागे दहा हजारांवर गेला, तो जगाचा भाव चढला म्हणून. तेव्हाही एप्रिलमध्ये केंद्राने कापसावरचं आयात शुल्क काढलंच होतं.

म्हणून आमची मागणी एवढीच की कापसाच्या आयातीचा निर्णय मे महिन्यात, पेरणीआधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका. मग पऱ्हाटी किती लावायची आणि तूर किती वाढवायची, ते आमचं आम्ही ठरवू.