आधी तिचं नाव घे

"ताई, मी छत्रपती संभाजीनगरची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात एमएस्सी करतेय. होस्टेलमध्ये माझी रूममेट टांझानियाची आहे. चार महिने झाले, पण 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गाडी जात नाही. तिचं इंग्रजी फाडफाड, माझं अडखळत. मेसमध्ये माझ्या मैत्रिणी तिला 'हबशीण' म्हणतात. एकदा मीही हसले, आणि ती मागेच उभी होती. तेव्हापासून खोलीत हेडफोन लावून बसते. सर म्हणतात, परदेशी मुलांशी मैत्री करा, खूप शिकायला मिळतं. पण सुरुवात कशी करू?"

अगं, तू विचारलंस इंग्रजीबद्दल, पण तुला डाचतंय ते हसणं. तेच आधी घेऊ.

तिला मराठी कळत नाही, असं तुम्ही सगळ्या धरून चालला असाल. तिच्या स्वाहिली भाषेत इथिओपियाचं जुनं नाव आहे 'उहाबेशी'. आपला 'हबशी' त्याच कुळातला. म्हणजे शब्द तिच्या कानांना ओळखीचा वाटला असेल, आणि तो कोणत्या सुरात म्हटला हे कळायला तर कुठलीच भाषा लागत नाही.

आणि तू कुठली, तर संभाजीनगरची! हबसाणातून, म्हणजे इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर नावाचा एक मुलगा दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच तुझं शहर. शहराला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. मलिक अंबरच्या गावची मुलगी 'हबशीण' म्हणून हसते, याला काय म्हणावं? (टांझानिया वेगळा, इथिओपिया वेगळा, हेही मैत्रिणींना सांग.)

आज रात्रीच तिला सांग, "त्या दिवशी मी हसले, माझं चुकलं." बस. वर मलिक अंबरवर व्याख्यान नको, 'आमच्यात असं चालतं' हे तर मुळीच नको. तिने 'ठीक आहे' म्हणून पुन्हा हेडफोन लावला, तर लावू दे. माफी मागितली म्हणून मैत्री लगेच पदरात पडत नाही. खरं अवघड काम मेसमधलं आहे. पुढच्या वेळी कुणी तो शब्द काढला, की "तिला नाव आहे" एवढंच म्हण. टेबलावर दोन मिनिटं शांतता पसरेल, ती सोस.

आता इंग्रजी. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा सात वर्षं स्वाहिलीत चालते आणि माध्यमिकला गेलं की सगळं एकदम इंग्रजीत. तीही तशा शाळेतली असेल, तर अकरावीच्या पहिल्या तासाला तुझी जी गत झाली असेल, ती तिची तुझ्याआधी दोन-तीन वर्षं झालेली आहे. तिचं फाडफाड इंग्रजी आईच्या दुधाबरोबर आलेलं नाही, बाई. "तुला पहिलं वर्ष कसं गेलं?" हे मोडक्या वाक्यात विचार. ज्या गोष्टीची तुला लाज वाटते, ती कळणारी होस्टेलमध्ये कदाचित तीच एक आहे.

मात्र "आफ्रिकेत काय खातात?" असलं विचारू नकोस. तिथे पन्नासहून जास्त देश आहेत आणि ती त्यांची राजदूत नाही. त्यापेक्षा शब्द विचार. पैशाला ती 'पेसा' म्हणते, मोटारीला 'गारी', दुकानाला 'दुका', चहाला 'चाय'. हिंदी महासागरातून शतकानुशतकं गलबतं ये-जा करत होती, त्यातून असे शब्द या किनाऱ्यांवरून त्या किनाऱ्यांवर गेले आणि तिकडलेच झाले. तिच्याकडे सकाळचे सात म्हणजे 'पहिला तास', कारण मोजणी सूर्योदयापासून. आपलं पंचांगही दिवस तिथूनच धरतं. चपाती तर शब्दासकट तिच्या घरी आहे, फक्त तिच्याकडली जाड, तेल लावून पदर सुटलेली. आपल्या मेसमधली ती वातड पोळी पहिल्यांदा पाहून तिला काय वाटलं, ते ऐकायला मलाही आवडेल.

रविवारी संध्याकाळी तुमची मेस बंद असेल, आणि कपाटात इंडक्शन लपवलेला असेलच (रेक्टरबाईंना मी सांगत नाही). मक्याचं पीठ आणून ठेव. त्याची घट्ट शिजवलेली उगाली करतात, हाताने मोडून पालेभाजीबरोबर खातात. कशी करायची ते तिला विचार. पालेभाजी तू कर, पण तिखट बेतानं.