वाचकांचे प्रश्न : पाइप, ओल आणि वास

प्रश्न : सहा महिन्यांपासून मी ब्रायरच्या (एका झुडपाच्या मुळाच्या कठीण लाकडाच्या) पाइपमध्ये सुगंधी तंबाखू ओढतो. वाटी अर्धी झाली की आतून गुडगुड ऐकू येते, जीभ चुरचुरते आणि डबा उघडताना येणारा गोड वास धुरात उतरत नाही. तंबाखू बदलावी का?

उत्तर : बदलण्याआधी ती वाळवून पाहा. सुगंधी मिश्रणांत ओलावा टिकावा म्हणून बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेले असते, त्यामुळे ती डब्यातून काढल्याबरोबर ओढण्याजोगी नसतात. ओल्या तंबाखूची वाफ दांडीत थंड होऊन तिचे पाणी साचते. तुम्हाला ऐकू येणारी गुडगुड त्या पाण्याची आहे. शिवाय ओली तंबाखू सारखी विझते, ती विझू नये म्हणून आपण घाईघाईने झुरके घेतो, वाटी तापते आणि गरम वाफेने जीभ पोळते. एका वेळेची तंबाखू कागदावर पसरून अर्धा-पाऊण तास ठेवा. चिमटीत दाबून सोडल्यावर तिचा गोळा न राहता ती हळूहळू मोकळी झाली आणि तरीही चुरा झाली नाही, म्हणजे ती तयार आहे.

भरताना पहिली चिमूट सैल सोडावी, दुसरी हलकेच दाबावी आणि तिसरी थोडी घट्ट बसवावी. न पेटवता ओढून पाहिल्यावर हवा किंचित अडखळत यावी. पहिल्या काडीने वरचे धागे फुगून उभे राहतात. ते अलगद दाबून बसवावेत आणि मग दुसरी काडी लावावी. यानंतर सगळे काही संथपणावर अवलंबून असते. वाटी गालाला लावून पाहा, चटका बसला तर पाइप खाली ठेवा. तो विझला तरी काही बिघडत नाही, पुन्हा पेटवता येतो. गुडगुड सुरू झालीच तर मुखनळीतून पाइप क्लीनर (मऊ धाग्यांनी मढवलेली लवचीक तार) आत सरकवून पाणी टिपून घ्यावे, मात्र पाइप गरम असताना मुखनळी काढू नये, कारण जोडावरचे लाकूड तडकते. ओढून झाल्यावर पाइपला निदान एक दिवस विश्रांती द्या. लाकडात मुरलेली ओल उडून गेल्याशिवाय तो पुन्हा नीट चव देत नाही.

वासाबद्दल मात्र तुमची थोडी निराशा होईल. सुगंधी मिश्रणाचा वास ओढणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्याला अधिक जाणवतो. तंबाखूची स्वतःची गोडी हवी असेल तर व्हर्जिनिया पानाकडे वळा. त्यात साखर भरपूर असते, पण घाई केलीत तर तीही जीभ पोळवते.

प्रश्न : धूर मी छातीत घेत नाही. मग पाइपने अपाय होत नाही, हे खरे ना?

उत्तर : खरे नाही. धूर तोंडातच ठेवला तरी ओठ, तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात उतरून सवय लावते. खोलीतल्या इतरांच्या श्वासात तोच धूर जातो, म्हणून मुलांजवळ पाइप पेटवूच नये. जे ओढत नाहीत त्यांनी हे सदर वाचून सुरुवात करावी, असे मला मुळीच वाटत नाही.

प्रश्न : लटाकिया घातलेले मिश्रण मला आवडू लागले आहे, पण आता व्हर्जिनियालाही तोच वास येतो. दुसरा पाइप घ्यावा का, आणि कोणता?

उत्तर : अवश्य घ्यावा. लटाकियाचे पान धुरावर सुकवलेले असते. सीरियातील बंदरावरून तिला हे नाव पडले आणि पुढे ती सायप्रसमध्ये तयार होऊ लागली. हा धुराचा वास वाटीच्या आतल्या काजळीच्या थरात मुरतो. मी एकदा व्हर्जिनियासाठी राखलेल्या पाइपात लटाकिया भरली, आणि पुढच्या चार वाट्यांना विझलेल्या शेकोटीचा वास येत राहिला. तेव्हापासून माझे लटाकियाचे पाइप वेगळे आहेत.

तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या खाणींतून निघणाऱ्या दगडाचा मीरशॉम पाइप वास फारसा धरत नाही. पांढरीशुभ्र वाटी वापरता वापरता आधी दांडीजवळ लोण्यासारखी पिवळसर होते आणि मग मधाचा रंग घेते. हा बदल पाहणे मला फार आवडते. मात्र त्यात काजळी साचू देऊ नये आणि राख काढताना तो कशावरही आपटू नये. ब्रायरमध्ये याउलट साधारण एक मिलिमीटरचा थर राखावा, कारण त्याने लाकूड जळत नाही. थर फार जाड झाला तर तापल्यावर फुगून वाटीला चीर पाडतो.

तरीही नवे मिश्रण चाखून पाहण्यासाठी तुम्ही आधी मक्याच्या कणसाचा पाइप घ्यावा, असे मी सुचवेन. अमेरिकेतील मिसुरी राज्यात तो 1869 पासून व्यापारासाठी बनवला जातो. तो स्वस्त, हलका आणि पहिल्या दिवसापासून चवीला सरळ असतो, आणि तुम्हाला केवळ लटाकियासाठी एक वेगळा ठेवता येईल. त्याची लाकडी दांडी वाटीच्या तळाशी थोडी आत आलेली असते, म्हणून शेवटची चिमूटभर तंबाखू जाळण्याचा हट्ट धरू नका. दांडीचे ते टोक करपले की पुढे बरेच दिवस धूर कडवट लागतो.