खोबरेल आणि कंडोम

प्रश्न : नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा डिचोलीला येतो. कोरडेपणामुळे आम्ही कंडोमला खोबरेल लावतो. या खेपेस दोनदा फाटला. तो म्हणतो, युरोपातले मजबूत असतात. खरं का?

उत्तर : दोष देशाचा नव्हे, खोबरेलाचा. कुठलंही तेल, व्हॅसलीन लागलं की लेटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, काही मिनिटांतच कमकुवत होतं. मग कंडोम लिस्बनचा असो की सरकारी दवाखान्यातला फुकटचा निरोध. फार्मसीत पाण्याचं किंवा सिलिकॉनचं लुब्रिकंट मागा, ते बाहेरून लावा. घालताना टोक चिमटीत धरा. आत हवा राहिली तरी फाटतो. एकावर एक दोन नकोत. आणि स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात लेटेक्स खराब होतं.

फाटलाच तर गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी. एचआयव्हीची शंका असेल तर प्रतिबंधक औषधंही 72 तासांतच सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात.

तुम्ही दोघांनीही एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्या. शेवटच्या जोखमीनंतर 3 महिन्यांनी एचआयव्हीची पुन्हा करा. सरकारी केंद्रात ती मोफत, गुप्त असते. पत्ता 1097 या एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनवर विचारा.