आवाजाची कामं : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. दिवसभर घरात वेगवेगळे आवाज काढत असते. शेजारच्या आजी, शाळेतल्या बाई, कार्टूनमधली मांजर, सगळं हुबेहूब. गाणं मात्र जमत नाही. आता म्हणते, मला आवाजाचंच काम करायचं. तिचे बाबा म्हणतात, हा नाद आहे, यावर पोट भरत नाही. नुसत्या आवाजावर एखाद्या बाईने आयुष्य काढलंय का?
– एक आई, प्रतापनगर

उत्तर : काढलंय ताई, आणि मानाने काढलंय. जून फोरे हे नाव मुलीच्या वहीत लिहून ठेवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डला १९१७ साली तिचा जन्म झाला. लहानपणी नाच शिकत होती, न्यूमोनिया झाला आणि नाच सुटला. बाराव्या वर्षी तिने गावच्या रेडिओवर एका नाटकात पहिलं काम केलं. २०१२ मध्ये 'द गारफिल्ड शो' या कार्टून मालिकेतल्या भूमिकेसाठी तिला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ती ९४ वर्षांची होती. २०१७ च्या जुलैत ती गेली. शंभरी पूर्ण व्हायला दोन महिनेही उरले नव्हते.

कार्टूनमुळे तिचं नाव झालं, पण ती घडली रेडिओवर. मी स्वतः नागपूर आकाशवाणीवर श्रुतिका आणि नभोनाट्यं करत वाढले, म्हणून हे ठासून सांगते. आपलं केंद्र १९४८ पासून सिव्हिल लाइन्समध्ये आहे. माझ्या तरुणपणी तिथल्या स्टुडिओत नट कमी आणि पात्रं जास्त असायची. पहिल्या पानावर मी सून, चौथ्या पानावर तिचीच आजेसासू. मध्ये पदर सावरायलाही वेळ नाही. हातात स्क्रिप्टची सुटी पानं, टाचणी काढून ठेवलेली, कारण पान उलटल्याचा आवाज माइक लगेच पकडतो. आजेसासूला मी माइकपासून अर्धं पाऊल मागे, जरा तिरकी उभी राहायचे. तेवढ्याने ती ओसरीवर बसल्यासारखी वाटायची. फोरेनेही चाळीसच्या दशकात स्टीव्ह अॅलनबरोबर 'स्माइल टाइम' नावाचा विनोदी कार्यक्रम थेट प्रक्षेपणात केला. संहितेत जे पात्र येईल ते तिच्या वाट्याला. थेट कार्यक्रमात दुसरा टेक नसतो.

तुमची मुलगी आज नकला करते. त्यातून तिला माणसांकडे न्यायचं आहे. घरी एक करून बघा. वाक्य साधं घ्या : 'आई, दार उघड.' सहा वर्षांचं पोर शाळेतून धावत आलंय, त्याचा 'आई'लाच दम संपतो आणि 'उघड' तुटक येतं. सासरी भांडून आलेली लेक हेच म्हणते तेव्हा 'आई' लांबतं आणि 'उघड' जेमतेम ऐकू येतं. उमरेडहून शेवटच्या एसटीने आलेला, गुडघे धरलेला पन्नाशीचा मुलगा आधी श्वास सोडतो, मग बोलतो. तिघांची पट्टी एकच ठेवा. तरी डोळे मिटून ऐकणाऱ्याला तीन वेगळी माणसं दिसली पाहिजेत. ती दिसली की मग गळा बारीक-जाड करायला शिकवा, आधी नको.

फोरेच्या कामात हे फार स्वच्छ ऐकू येतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मॅटेल कंपनीची 'चॅटी कॅथी' नावाची बोलकी बाहुली अमेरिकेत खूप गाजली. दोरी ओढली की ती गोड गोड बोलायची. तो आवाज फोरेचा. आणि १९६३ मध्ये 'ट्वायलाइट झोन' मालिकेच्या एका भागात घरातल्या सावत्र बापाला जिवे मारण्याची धमकी देणारी बाहुली होती, तिचाही आवाज फोरेचाच. आवाज दोन्हीकडे तसाच लाडिक. दुसऱ्या बाहुलीला काय हवंय ते बाईंना पक्कं ठाऊक होतं, म्हणून अंगावर काटा येतो.

गाण्याची काळजी सोडा. १९९८ च्या 'मुलान' या कार्टूनपटातली आजी फोरे बोलली आहे, पण त्या आजीचं गाणं मार्नी निक्सन या गायिकेने म्हटलंय. १९५० च्या 'सिंड्रेला'तला ल्युसिफर बोका तर एक शब्दही बोलत नाही. नुसतं फिस्कारणं, गुरगुरणं, तेही हिचंच. मुलीच्या मांजराला हसू नका, एवढं माझं मागणं आहे.

पोट भरण्याबद्दल तिच्या बाबांची शंका रास्त आहे. फोरेने रेडिओ, कार्टून, रेकॉर्डी, जाहिराती, बाहुल्या, सगळं केलं. एकाच कामावर ती कधी विसंबली नाही. मुलीनेही शिक्षण पुरं करावं. आकाशवाणीची नाट्यस्वर चाचणी द्यावी, त्याची चौकशी केंद्रातच करा. डबिंगचं मोठं काम मुंबईत आहे, पण एफएमच्या जाहिराती आणि बोलकी पुस्तकं यांची सुरुवात इथून होऊ शकते. सरावाला कपड्यांचं उघडं कपाट आणि मागे टांगलेली रजई पुरे, खोलीतला घुमारा जातो. आणि तिची वऱ्हाडी पुसू देऊ नका. 'काऊन वं' म्हणणारी नागपूरच्या बर्डीवरची बाई आणि 'का गं' म्हणणारी पुण्याची बाई, दोघी तिला अस्सल यायला हव्यात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं दाखवायला न्या. हजारोंच्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोचवतात ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

अजून एक गोष्ट मनाला लागून आहे, ती सांगतेच. वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या कार्टूनमध्ये मेल ब्लँक या आवाजाच्या कलाकाराचं नाव पडद्यावर यायचं, करारच तसा होता. त्याच कार्टूनमध्ये ट्वीटीची आजी आणि चेटकीण हेझल बोलणाऱ्या फोरेचं नाव यायचं नाही. दिग्दर्शक चक जोन्स म्हणत, जून फोरे ही बायकांमधली मेल ब्लँक नव्हे, मेल ब्लँक हा पुरुषांमधला जून फोरे आहे. तिने नुसती खंत केली नाही. अॅनिमेशनवाल्यांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, १९७२ मध्ये अॅनी पुरस्कार सुरू करवले, पूर्ण लांबीच्या अॅनिमेशनपटाला वेगळं ऑस्कर मिळावं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ते २००२ च्या सोहळ्यात पहिल्यांदा दिलं गेलं. आपल्याकडे दूरदर्शनवर 'डकटेल्स' हिंदीत लागायचं, आठवतं? त्यातली जादूगारीण मॅजिका मूळ इंग्रजीत फोरेची. आपल्या मुलांनी ऐकली ती हिंदीत बोलणारी कुणी दुसरी कलाकार. तिचं नाव किती घरांत माहीत आहे? मुलीला पहिलं काम मिळेल तेव्हा पैशाइतकंच नावाचंही विचारायला शिकवा.

प्रश्न : वय २४, पण आवाज लहान मुलीचा. फोनवर लोक म्हणतात, बाळा, आईला दे. एका जाहिरातीच्या चाचणीत 'आवाजाला वजन नाही' म्हणून परत पाठवलं. आवाज जड कसा करू?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : बाळा म्हणायचा मोह मलाही होतोय, पण तुला राग येईल. आवाज दाबून जड करू नकोस, घसा बसेल आणि आहे तेही जाईल. १९५९ मध्ये एका कार्टून मालिकेत 'रॉकी' नावाची उडती खार बोलायला फोरेने सुरुवात केली तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली बाई होती. त्याच मालिकेतली घोगऱ्या आवाजाची हेर नताशाही तीच. मुलग्यांचे आवाज बायकांना देतात, कारण खऱ्या मुलाचा आवाज दोन-चार वर्षांत फुटतो. 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतला बार्ट हा मुलगा १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट ही बाई बोलते आहे. तुझ्या आवाजाला गिऱ्हाईक आहे, तू चुकीच्या दारात उभी राहिलीस. एक हट्टी मुलगा, एक घाबरलेली मुलगी आणि एक तुझा रोजचा आवाज, असे तीन छोटे नमुने कर आणि मुलांच्या गोष्टी, कार्टून करणाऱ्यांकडे पाठव. मोठी बाई करायची वेळ आली तर वेग कमी कर, वाक्याचा शेवट खाली सोड. पट्टी तशीच राहू दे.

प्रश्न : रेकॉर्डिंगच्या दिवशी संत्री खावी का? सीझन सुरू आहे आणि मोह आवरत नाही.
– एक निवेदिका, रामदासपेठ

उत्तर : काम आटोपल्यावर खुशाल खा. आधी आंबट, दही आणि मिठाई टाळ, तोंड चिकट होतं आणि जिभेची चटचट माइकवर ऐकू येते. साधं पाणी घोट घोट पीत राहा. आंबटगोड हिरव्या सफरचंदाची एक फोड मात्र चालते, तिने तोंड मोकळं होतं. बरेच कलाकार ती डब्यात घेऊनच येतात.