डेक्कन क्वीनमध्ये हरवलेली तलवार

प्रिय मित्रा,

तुझा मेल काल रात्री वाचला. चाळीस जण आठवडाभर तुझा गेम खेळले, सर्व्हर रोज पडला आणि आता ‘लय लॅग आहे’, ‘हा रडीचा डाव आहे’ असल्या मेसेजचा ढीग साचलाय. नवा नकाशा टाकला की लोक खूश होतील, असं तू म्हणतोस. नको टाकूस. आधी त्या ढिगाजवळ बस.

खेळाडू बग सांगत नाही, स्वतःचं काय झालं ते सांगतो. त्यातून बग शोधणं आपलं काम. माझ्या पहिल्या ऑनलाइन गेमच्या चाचणीत एक मुलगा सारखा लिहायचा, “माझी तलवार चोरीला गेली.” आमच्या गेममध्ये चोरीची सोयच नव्हती, म्हणून आम्ही दोन आठवडे त्याला उडवून लावलं. हे चुकलंच आमचं. शेवटी मी फोन करून विचारलं, “तेव्हा कुठे होतास?” म्हणाला, “डेक्कन क्वीनमध्ये. कर्जत नुकतंच गेलं होतं.”

तेव्हा उलगडा झाला. घाटातल्या बोगद्यात त्याचं कनेक्शन तुटायचं. बाहेर येऊन तो पुन्हा लॉगिन करायचा, तलवार जिंकायचा. पण जुनं कनेक्शन मेलंय हे सर्व्हरला कळलेलंच नसायचं. ४५ सेकंद काहीच हालचाल दिसली नाही की ते टाइमआउट, म्हणजे आपोआप बंद, व्हायचं आणि जाता जाता आपल्याजवळची जुनी स्थिती सेव्ह करायचं, बिनतलवारीची. दुरुस्ती जेमतेम वीस ओळींची होती: नवं लॉगिन आलं की आधी जुनं सेशन, म्हणजे आधीच्या लॉगिनची जोडणी, सेव्ह करून बंद करायचं, मगच नवं उघडायचं. ऑफिसच्या वायफायवर बसून हे आम्हाला जन्मात सापडलं नसतं. त्याची तलवार परत दिली आणि नेमकं काय झालं होतं ते सगळ्या खेळाडूंना लिहून कळवलं.

तेव्हा प्रत्येकाला विचार: किती वाजता, वायफाय की मोबाइल डेटा, आणि त्याआधी काय करत होतास. बिल्ड नंबर, म्हणजे गेमच्या आवृत्तीचा क्रमांक, स्क्रीनच्या कोपऱ्यातच दाखव, म्हणजे तो स्क्रीनशॉटमध्ये आपोआप येतो. घरी लिनक्सवर नेटेम (मुद्दाम खराब नेटवर्क तयार करणारं साधन) लावून २०० मिलिसेकंदांचा उशीर आणि ५ टक्के पॅकेट गळती, म्हणजे वाटेत हरवणारा डेटा, दे, आणि तासभर स्वतः खेळ. घाम फुटेल.

सर्व्हर मुद्दाम पाडून पुन्हा सुरू करायचीही सवय ठेव. ऑगस्ट १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ या गेमच्या बीटात, म्हणजे प्रकाशनाआधीच्या चाचणीत, खुद्द निर्माते रिचर्ड गॅरियट यांचं राजाचं पात्र एका खेळाडूने आगीच्या मंत्राने मारलं. सर्व्हर कोसळून पुन्हा सुरू झाला होता आणि पात्राचा अमरपणा चालू करायचा राहून गेला होता. रीस्टार्टनंतर काय टिकतं आणि काय पुसलं जातं, याची यादी तुझ्याकडे आहे का?

आणि एखाद्याने फट शोधून फायदा उपटला, तर लगेच बॅनचं बटण दाबू नकोस. १९८० च्या दशकात लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या ऑनलाइन गेममध्ये काही खेळाडूंना दिसलं, की एका यंत्रातून १८,००० टोकनांना मिळणारा स्फटिकगोल दुसरं यंत्र ३०,००० ला विकत घेतं. रात्रभर फेऱ्या मारून त्यांनी त्या जगातला पैसा पाचपट केला. किमतींची चूक निर्मात्यांचीच होती. त्यांनी पैसे खेळाडूंकडेच राहू दिले आणि त्याच पैशांतून त्या मंडळींनी इतरांसाठी खजिन्याचे शोध भरवले. मला तो निर्णय फार आवडतो. बीटात फट दाखवणारा माणूस तुझं काम करत असतो. मात्र फट दिसूनही गप्प बसणाऱ्याशी आधी बोल.

चाळीसपैकी किती जण दुसऱ्या आठवड्यात परत आले, तेही कळव. जे आले नाहीत त्यांतल्या तिघाचौघांना स्वतः फोन कर. मेसेजवर माणसं खरं सांगत नाहीत.

वर सांगितलेली सेशनची दुरुस्ती तुझ्याही गेममध्ये करून मंगळवारपर्यंत नवा बिल्ड पाठव. बुधवारी संध्याकाळी मी मुंबईहून पुण्याला गाडीनेच येणार आहे. कर्जत सुटलं की लॉगिन करतो, तू सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याच्या नोंदी, उघडून बस.

तुझा,
दादा